बंद पडलेले हृदय पुन्हा चालू झाले, पण थांबले का?

विहिरीवरचा पंप चालता चालता बंद पडतो. वायरमन येतो, खटका दाबतो, पंप सुरू! मालक खूष. पण जाणता वायरमन विचारतो, "अहो, पण बंद पडला का?"

माणसाच्या हृदयाचेही तसेच. धट्टाकट्टा तरुण एकाएकी कोसळतो. छाती दाबून, विजेचा झटका देऊन त्याला परत आणतात. पुढे तपासणीत रक्तवाहिन्या मोकळ्या, स्नायू दमदार, साधा कार्डिओग्रामही ठीक. मग झाले काय?

अशा वेळी संशय जातो तो वायरिंगवर. हृदयाच्या प्रत्येक ठोक्यामागे सूक्ष्म विद्युतलहर असते. सोडियम, पोटॅशियम, कॅल्शियमचे कण पेशींच्या दारांतून आतबाहेर करतात, त्यातून ती उठते. एखादे दार जन्मतःच सदोष असले, तरी एरवी पत्ता लागत नाही. पळताना, पोहताना, दचकताना, कोणाला झोपेत, ती लहर बिघडते आणि हृदय आकुंचन पावण्याऐवजी नुसते थरथरते.

चोर लपून बसला, तर त्याला बाहेर काढावे लागते. कॅनडातील डॉक्टर क्रान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नेमके हेच केले. अशा 63 रुग्णांवर त्यांनी फिरत्या पट्ट्यावर पळवणे, शिरेतून अॅड्रेनलिन किंवा प्रोकेनामाइड देऊन कार्डिओग्राम बघणे, चुंबकीय यंत्राने हृदयाची चित्रे घेणे अशा चाचण्या केल्या. 2009 साली निष्कर्ष छापले. 35 जणांचे कारण सापडले. 8 जणांचे हृदय ठोक्यानंतर पुन्हा सज्ज व्हायला फार वेळ घेई. 8 जणांचे श्रमात वा भावनेच्या भरात बिघडे. चौघांच्या हृदयाच्या रक्तवाहिनीला पेटके येत. एकाच्या हृदयस्नायूला सूज होती. बाकीच्यांत आणखी दोष निघाले.

कोणी म्हणेल, माणूस वाचला ना, मग ही उठाठेव कशाला? तर अशासाठी, की पुन्हा तसे घडल्यास आपोआप झटका देणारे यंत्र कातडीखाली बसवले, तरी ते हृदय बिघडायचे थांबवीत नाही. औषध कारणाप्रमाणे बदलते. शिवाय यांतले कित्येक दोष आनुवंशिक. आईबापांपैकी एकात असले, तर बहुतेक प्रकारांत प्रत्येक मुलाला ते मिळण्याचा संभव निम्मा. म्हणून भावंडांचा, मुलांचाही कार्डिओग्राम काढतात, आणि घरात कोणी तरुणपणी अचानक गेले का, बुडाले का, हे विचारतात.

गुरुजी, धावताना किंवा पोहताना पोर बेशुद्ध पडले, तर ऊन लागले, फीट आली, म्हणून सोडून देऊ नका. त्याचा कार्डिओग्राम काढायला पालकांना सांगा.

राहिले 28. त्यांचे कारण तेव्हा सापडले नाही. पण अशा रुग्णांनाही पुन्हा पुन्हा बोलावतात, कारण काहींच्या कार्डिओग्रामवर दोष काही वर्षांनी उमटतो.