तारण नसलेल्या उद्योगाला आधार कोणाचा?

‘तारण काय देणार?’ कर्ज विभागात बसणाऱ्या माझ्यासारख्या अधिकाऱ्याला हा प्रश्न दिवसातून अनेकदा विचारावा लागतो. समोरच्या तरुणाकडे कल्पना असते, कष्टांची तयारी असते. मालमत्ता मात्र नसते. त्याला रित्या हाताने परत पाठविताना मन खट्टू होते. पण ठेवीदारांच्या पैशांची जबाबदारीही विसरता येत नाही. हा पेच केवळ आपला नाही. युरोपने त्यावर सार्वजनिक निधीच्या साहाय्याने काढलेला मार्ग अभ्यासण्याजोगा आहे.

उंबरठा ओळखीच्या बँकेचा

महायुद्धात उद्ध्वस्त झालेल्या जर्मनीच्या पुनर्बांधणीसाठी १९४८ साली ‘केएफडब्ल्यू’ ही सरकारी बँक स्थापन झाली. उद्योजक थेट तिच्याकडे जात नाही. तो आपल्या नेहमीच्या बँकेत अर्ज करतो. ती बँक प्रस्ताव पारखते आणि केएफडब्ल्यूकडून निधी मिळविते. काही योजनांत जोखमीचा वाटाही केएफडब्ल्यू उचलते. पैसा सरकारी, पण पारख स्थानिक बँकरची! आपल्याकडे १९९० पासून ‘सिडबी’ जे पुनर्वित्त देते, त्याच्याशी ही पद्धत मिळतीजुळती आहे.

हमीचे बळ

१९९४ मध्ये स्थापन झालेला युरोपियन इन्व्हेस्टमेंट फंड लघुउद्योगांना थेट कर्ज देत नाही. तो त्यांच्या कर्जांसाठी बँकांना हमी देतो आणि साहसवित्त निधींत गुंतवणूक करतो. २०२१ ते २०२७ या काळासाठीच्या ‘इन्व्हेस्ट-ईयू’ कार्यक्रमाचे सूत्रही हेच आहे. आरंभी युरोपीय संघाने २६.२ अब्ज युरोची हमी देऊन ३७२ अब्ज युरोहून अधिक गुंतवणुकीचे उद्दिष्ट ठेवले. हमीचा एक रुपया अनेक रुपयांना धीर देतो, हे आपल्या पतहमी योजनेचा अनुभव असलेल्यांना वेगळे सांगायला नको.

संशोधनासाठी मात्र थेट अनुदानेही आहेत. त्याच काळासाठीच्या ‘होरायझन युरोप’ कार्यक्रमाची मूळ तरतूद ९५.५ अब्ज युरोची होती. हे अनुदान परत करावे लागत नाही. पण स्पर्धेतून उतरल्याशिवाय ते हाती पडत नाही.

मोठ्या प्रकल्पांचा सोबती

लक्झेंबर्ग येथील युरोपियन इन्व्हेस्टमेंट बँक १९५८ पासून कार्यरत आहे. संघाचे २७ सदस्य देश तिचे भागधारक आहेत. रोखे विकून ती भांडवल बाजारातून पैसा उभारते आणि सर्वसाधारणपणे प्रकल्पखर्चाच्या निम्म्यापर्यंतच कर्ज देते. उरलेला भार इतरांनी उचलावा, ही अपेक्षा. पुणे मेट्रोसाठी २०१९ मध्ये तिच्याशी २० कोटी युरोच्या पहिल्या टप्प्याचा करार झाला. नागपूर मेट्रोला २०१६ मध्ये केएफडब्ल्यूने ५० कोटी युरोचे कर्ज दिले. म्हणजे हा विषय आपल्या दारापर्यंत आलेला आहे!

सावधगिरीचा धडा

या चित्राला दुसरी बाजूही आहे. २०१५ मध्ये युरोपने गुंतवणूकवाढीसाठी मोठा हमी निधी उभारला. २०१९ च्या अहवालात युरोपीय लेखापरीक्षकांनी दाखवून दिले, की त्यातील काही साहाय्याने केवळ अन्य वित्तपुरवठ्याची जागा घेतली होती. जिथे बाजार आपणहून पैसा देईल, तिथे सार्वजनिक पैसा ओतणे म्हणजे भरल्या विहिरीत घागर रिती करणे होय.

तात्पर्य, हमी विवेकाची जागा घेऊ शकत नाही. ती बँकरला एवढीच मुभा देते, की ‘तारण काय?’ या प्रश्नाआधी त्याने ‘कल्पना काय?’ हे विचारावे. त्या तरुणासाठी एवढा बदलही पुष्कळ मोलाचा आहे.