सत्तर बाण, पाच घाव

एक शिपाई पाडायला किती बाण लागतात? ‘एज ऑफ एम्पायर्स २’ या खेळात या प्रश्नाचं उत्तर बारा असू शकतं, पंचवीस असू शकतं आणि सत्तरही. बाण तोच, मारणारा तोच. बदलतो तो फक्त समोर उभा असलेला शिपाई.

एन्सेंबल स्टुडिओजने हा खेळ १९९९ मध्ये काढला. पाव शतक उलटलं तरी तो जगभर खेळला जातो आणि ‘सगळ्यांत भारी पायदळ कुठलं?’ हा वाद अजून मिटलेला नाही. तो मिटवायचा तर शिपायाच्या चित्राखालचे आकडे नुसते वाचून भागत नाही, ते एकमेकांतून वजा करावे लागतात. इथले आकडे २००० सालच्या ‘द कॉन्करर्स’ आवृत्तीतले, ब्लॅकस्मिथचे, म्हणजे लोहाराकडचे, उपलब्ध सगळे अपग्रेड मिळवून काढलेले आहेत. पुढच्या आवृत्त्यांत काही आकडे थोडेफार बदलले, वजाबाकीचा नियम मात्र तोच राहिला: हल्ल्यातून चिलखत वजा करायचं आणि उत्तर शून्य किंवा उणे आलं, तरी इजा किमान १ धरायची.

सगळी गंमत त्या ‘किमान १’ मध्ये आहे.

आर्बलेस्ट हा सर्वांत वरच्या दर्जाचा तिरंदाज. त्याचा मूळ हल्ला ६. तीन अपग्रेडचे ३ आणि केमिस्ट्री या तंत्राचा १ मिळवला की होतात १०. समोर चॅम्पियन हा तलवारवाला आला, तर बाणांविरुद्धचं त्याचं चिलखत ४. म्हणजे प्रत्येक बाणाला ६ इजा. त्याचे हिट पॉइंट, म्हणजे जीव जाईपर्यंत सोसायची इजा, ७०, म्हणून तो बाराव्या बाणाला पडतो. पायी लढणाऱ्या एलिट ट्यूटॉनिक नाइटचं चिलखत ६ आणि हिट पॉइंट १००, त्याला पंचवीस बाण लागतात. गॉथ लोकांच्या एलिट हुस्कार्लचं चिलखत आहे १०. दहातून दहा गेले की शून्य, पण नियमाप्रमाणे इजा १. हिट पॉइंट पुन्हा ७०. म्हणजे सत्तर बाण! चॅम्पियन आणि हुस्कार्ल यांचे हिट पॉइंट अगदी सारखे असूनही एक जण दुसऱ्याच्या जवळपास सहापट टिकतो.

आता हे मैदानावर पाहू. पंचवीस आर्बलेस्ट एका रांगेत उभे आहेत, दर दोन सेकंदांनी सगळे एकदम बाण सोडतात आणि एकही बाण वाया जात नाही असं धरू. समोरून पंचवीस हुस्कार्ल धावत येतात. आर्बलेस्टचा पल्ला अपग्रेडनंतर ८ घरांचा. हुस्कार्ल सेकंदाला एका घराहून किंचित जास्त पळतो, म्हणजे हे अंतर तो आठ सेकंदांच्या आत कापतो. तेवढ्यात चार वेळा बाण सुटतात, एकूण शंभर. सत्तर बाणांत पहिला हुस्कार्ल पडतो, उरलेल्या तिसांत दुसरा जखमी होतो आणि चोवीस जण थेट रांगेत घुसतात. तिरंदाजांविरुद्ध एलिट हुस्कार्लला जादा १० हल्ला मिळतो, त्यामुळे एकेक आर्बलेस्ट दोन घावांत संपतो. सगळे पंचवीस हुस्कार्ल नुसत्या बाणांनी मारायचे, तर १,७५० बाण आणि दोन मिनिटं वीस सेकंद हवेत. मिळाले आठ सेकंद.

हा पराक्रम किती मोठा, हे कळण्यासाठी एक गणित ध्यानात ठेवावं लागतं. फ्रेडरिक लँचेस्टर या ब्रिटिश अभियंत्याने १९१६ च्या आपल्या पुस्तकात ते मांडलं. लांबून मारा करणाऱ्या फौजेचं बळ संख्येच्या नव्हे, तर संख्येच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं. सारख्याच ताकदीचे ५० तिरंदाज ४० तिरंदाजांशी भिडले, तर शेवटी दहा उरतील असं वाटतं. प्रत्यक्षात २,५०० वजा १,६००, म्हणजे ९०० आणि त्याचं वर्गमूळ ३०. तीस उरतात! तिरंदाजांचा जथा वाढत गेला की तलवारवाल्यांना तो भारी का पडतो, याचं उत्तर इथे आहे. तलवारीला समोरच्या रांगेपुरतीच जागा मिळते, बाण मात्र सगळ्यांचे एकाच वेळी सुटतात. हुस्कार्लचं चिलखत हा वर्गच निकामी करतं.

पण तोच हुस्कार्ल तलवारीसमोर उभा करा. पूर्ण अपग्रेड झालेल्या चॅम्पियनचा हल्ला १७ आणि तलवारीविरुद्धचं हुस्कार्लचं चिलखत अवघं २. प्रत्येक घावाला १५ गेले की पाचव्या घावाला तो आडवा. सत्तर बाण पचवणारा गडी पाच घावांत संपतो.

तलवारीच्या लढाईत राजा वेगळाच आहे. एलिट ट्यूटॉनिक नाइटचं चिलखत तिथे १३ पर्यंत जातं. चॅम्पियनला त्याला मारायला पंचवीस घाव लागतात, तो मात्र चॅम्पियनला पाच घावांत मारतो. आणि समोर बिनअपग्रेडचा मिलिशिया, म्हणजे सर्वांत खालच्या दर्जाचा तलवारवाला, आला तर? मिलिशियाचा हल्ला ४, म्हणजे इजा १, म्हणजे शंभर घाव. नाइट त्याला दोन घावांत, चार सेकंदांत संपवतो आणि तेवढ्यात त्याला स्वतःला दोनच घाव बसतात. एकामागून एक असे येत राहिले, तर एका नाइटला पाडायला पन्नास मिलिशिया लागतील. पन्नास मिलिशियांचा खर्च ४,००० आणि त्या एका नाइटचा १२५. पण हा राजा चालतो फार हळू. तिरंदाज मागे सरकत, थांबत, बाण सोडत राहिले की तो त्यांना गाठूच शकत नाही.

आता खर्चाचं बघू. पॅलाडिन हा घोडेस्वार आणि हॅलबर्डियर हा भालाईत यांची एकास एक लढत लावली, तर पॅलाडिन चार घावांत जिंकतो. हॅलबर्डियरला पाच घाव लागतात आणि त्याचा हात चालतोही सावकाश. पण एका पॅलाडिनला ६० अन्न आणि ७५ सोनं पडतं, हॅलबर्डियरला ३५ अन्न आणि २५ लाकूड. नऊ पॅलाडिनच्या १,२१५ मध्ये वीस हॅलबर्डियर येतात, तेही सोन्याचा एक कण न खर्चता. घोडेस्वारांविरुद्धच्या जादा ३२ हल्ल्यामुळे त्यांचा एकेक घाव ३७ चा बसतो. खाणी रिकाम्या झाल्यावर हा फरकच डाव ठरवतो.

मग सगळ्या मिश्रणांचा हिशेब मांडून सर्वोत्तम फौज शोधता येणार नाही का? पाच प्रकारचं पायदळ आणि शंभर जागा घेतल्या, तर वेगवेगळ्या फौजा होतात ४५,९८,१२६. प्रत्येकीची प्रत्येकीशी एकेक लढत लावली, तर लढती साडेदहा लाख कोटींहून जास्त. एक लढत एका मिनिटात उरकली आणि क्षणभरही विश्रांती घेतली नाही, तरी दोन कोटी वर्षं लागतील. त्यातही उतार-चढाव, भिंती, खेळाडूच्या हाताचा वेग यांतलं काही धरलेलंच नाही.

म्हणूनच जाणते खेळाडू शिपायाइतकंच त्याच्या मागच्या पुरवठ्याकडे पाहतात. गॉथांना शेवटच्या युगात पायदळ ३५ टक्के स्वस्त पडतं, त्यामुळे ८० चा चॅम्पियन ५२ मध्ये मिळतो. पर्फ्युजन हे तंत्र घेतलं की पायदळ तयार करणाऱ्या बॅरॅक्सचा वेग दुप्पट होतो. चॅम्पियनला लागणारे २१ सेकंद साडेदहावर येतात. दहा बॅरॅक्स असतील, तर मिनिटाला ५७ शिपाई बाहेर पडतात. अनार्की घेतलं की हुस्कार्लही कॅसलऐवजी बॅरॅक्समधूनच निघतात. शिवाय बाकीच्यांची लोकसंख्या २०० वर अडते, गॉथांची २१० वर. अर्धी फौज कापली गेली, तरी दोन मिनिटांत ती पुन्हा दारात उभी असते.

माझा कौल हुस्कार्लला आहे, आणि तो नुसत्या सत्तर बाणांसाठी नाही. तो स्वस्त आहे, पायाने चपळ आहे आणि एक पडला तर दुसरा लगेच तयार होतो. सोबत हॅलबर्डियर ठेवलेत की घोडेस्वारांचीही सोय होते. समोर चॅम्पियनची रांग दिसली, तर मात्र त्याला पुढे ढकलू नका. फौज निवडण्याआधी शत्रूच्या हातात काय आहे ते बघा, त्यातून आपलं चिलखत वजा करा आणि जिथे उत्तर १ येईल, तोच शिपाई बनवायला घ्या.