डिशवॉशरमध्ये पाणी का साचतं?

अमेरिकेच्या जोसेफिन कॉक्रेन यांनी १८८६मध्ये भांडी धुण्याच्या यंत्राचं पेटंट मिळवलं. भांड्यांवर पाण्याचे जोरदार फवारे मारायचे, हे त्यांचं तत्त्व आजही कायम आहे. म्हणूनच बिघाड शोधताना पाण्याचा माग काढावा.

धुणं संपूनही तळाशी पाणी साचलंय? आधी प्लग काढा. तळातली गाळणी काढून अडकलेली शितं, बिया, मसाल्याचा गाळ धुऊन टाका. सांडपाण्याची नळी कुठे मुडपली आहे का, तेही पाहा. तरीही पाणी हटत नसेल, तर पंपाच्या पात्यांत काचेचा तुकडा अडकलेला असू शकतो. तिथे उघड्या बोटांनी चाचपू नका.

पाणी जातं, पण भांडी खरकटीच? फिरत्या फवाऱ्यांची भोकं टूथपिकने मोकळी करा.

काचेच्या पेल्यांवरचे पांढरे डाग मात्र बहुधा क्षारांचे असतात. बोअरवेलच्या पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम यंत्रातलं रेझिन धरून ठेवतं आणि बदल्यात सोडियम सोडतं. हे रेझिन मिठाच्या पाण्याने पुन्हा ताजंतवानं होतं. मीठ संपलं, की डाग परततात. त्यासाठी डिशवॉशरचंच मीठ वापरावं. ते भरल्यावर लगेच मशीन चालवावं, कारण सांडलेल्या मिठाने स्टीललाही गंज चढतो.