पाटाच्या कडेने सायकल

वर्षातून एकदा, आषाढी वारीच्या दिवसांत, अंथुर्ण्यातून जाणारा बारामती–इंदापूर रस्ता पायी चालणाऱ्यांचा होतो. संत तुकाराम महाराजांची पालखी येते, वाहने दुसरीकडे वळवली जातात आणि म्हातारी माणसे, लेकुरवाळ्या बाया भर रस्त्यातून निर्धास्त चालतात. पालखी पुढे गेली की रस्ता पुन्हा गाड्यांचा होतो. मग उरलेले वर्षभर पायी जाणारा आणि सायकलवाला रस्त्याच्या कडेने जीव मुठीत धरून चालतो.

हा रस्ता आता पालखी महामार्ग झाला आहे. ८ नोव्हेंबर २०२१ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते त्याच्या चौपदरीकरणाची पायाभरणी झाली. वारकऱ्यांसाठी दोन्ही बाजूंना पायी चालण्याचा मार्ग ठेवण्याचे त्याच वेळी ठरले. रस्ता रुंद झाल्याने दवाखाना जवळ आला, बाजार जवळ आला. त्याबद्दल तक्रार नाही. पण गाड्यांचा वेग वाढला, आणि गळीत हंगामात उसाने भरलेल्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर रात्रंदिवस धावू लागले की मोठ्या माणसालासुद्धा रस्ता ओलांडताना चार वेळा विचार करावा लागतो. बारा-तेरा वर्षांच्या मुलीने काय करायचे?

आम्ही शिक्षक मंडळी दरवर्षी जूनमध्ये वाड्या-वस्त्यांवर फिरतो. गेल्या वर्षी सातवी झालेल्या मुली यंदा आठवीत येणार का, हे घरोघर विचारतो. नकाराचे कारण आता पूर्वीसारखे “शिकून काय करायचंय” असे नसते. एका मुलीच्या अब्बांनी आम्हाला घरच्या बोलीत सरळ सांगितले, “सायकल तो ले को देतूं सर, पन उस रोड पे पोरी को कैसा छोडूं?” या प्रश्नावर उपदेश करून भागत नाही. त्याला रस्ताच दाखवावा लागतो.

आणि रस्ता आहे. तो आपल्या गावाजवळून जातो, पण आपण त्याला रस्ता म्हणत नाही. आपण त्याला पाट म्हणतो.

नीरा डावा कालवा हे त्याचे सरकारी नाव. १८७६ ते १८७८ च्या मोठ्या दुष्काळाने पुणे जिल्ह्याचा हा पूर्व भाग होरपळला, आणि त्या काळातल्या गरजेतून हा कालवा उभा राहिला. १८८५ च्या सुमारास त्यातून पाणी वाहू लागले. आज भाटघर आणि वीरच्या धरणांचे पाणी तो पुरंदर, बारामती आणि इंदापूर तालुक्यांत आणतो. त्याची लांबी दीडशे किलोमीटरांच्या आसपास आहे. आपल्याकडचा ऊस, सणसर-भवानीनगर आणि वालचंदनगरच्या परिसराची भरभराट, विहिरींना टिकणारे पाणी, सगळे या पाटाच्या जिवावर.

कालवा म्हटला की त्याच्या काठाने भरावावरून एक वाट असतेच. पाटकरी, कालवा निरीक्षक, दुरुस्तीची माणसे यांच्यासाठी पाटबंधारे खात्याने ती ठेवलेली असते. या वाटेत सायकलवाल्याच्या सोयीची एक गोष्ट आहे. कालव्याचे पाणी पंपाने चालत नाही, स्वतःच्या उताराने वाहते. त्यासाठी इंजिनिअरांनी जमिनीची समपातळी धरून, टेकाड आले की त्याला वळसा घालत कालवा नेलेला असतो. उतार इतका थोडा ठेवलेला असतो की डोळ्यांना दिसत नाही. म्हणून काठाच्या वाटेवर दम लागेल असा चढ येत नाही. वळणांमुळे अंतर थोडे वाढते, पण गिअर नसलेल्या साध्या सायकलवर आठवीतली मुलगी दप्तर घेऊन आरामात जाऊ शकते.

आम्ही हे करून पाहिले. हिवाळ्यातल्या एका रविवारी फजरच्या नमाजनंतर काही शिक्षक, काही पालक आणि दहा-बारा मुले अशी आमची सायकलींची रांग पाटाच्या वाटेला लागली. एका बाजूला वाहते पाणी, दुसऱ्या बाजूला ऊस आणि मका. बाभळीवर खंड्या बसलेला, उथळ चारीत बगळे. शेताकडे निघालेली एक बैलगाडी आणि दोन मोटारसायकली, एवढीच काय ती वाहतूक. मुले मोठ्याने बोलत होती, कारण एकमेकांचे बोलणे ऐकू येत होते. महामार्गावर ते शक्य नसते.

पुढच्या रविवारी मुलांच्या अम्मी आल्या. त्यांच्यापैकी काहींनी लग्नानंतर सायकलला हातसुद्धा लावला नव्हता. पहिल्या अर्ध्या तासात हँडल डुगडुगले, हसणे झाले, मग जमले. एक जण म्हणाल्या, “गावाच्या चौकातून सायकल चालवायला मला लाज वाटली असती. इथं बघायला आहे कोण, बगळेच ना?” त्यांचे म्हणणे आम्हाला महत्त्वाचे वाटले. वाहनांची भीती आणि लोकांच्या नजरांचा संकोच, या दोन गोष्टी आपल्या घरातल्या बायकांना सायकलपासून दूर ठेवतात. पाटाच्या वाटेवर दोन्ही कमी होतात.

असे आपल्याच घरांतून पहिल्यांदा घडते आहे असे नाही. तामिळनाडूच्या पुदुकोट्टई जिल्ह्यात १९९० नंतरच्या काही वर्षांत साक्षरता मोहिमेबरोबर बायकांना सायकल शिकवण्याची चळवळ उभी राहिली. जिल्हाधिकारी शीला राणी चुंकत यांनी तिला बळ दिले. पत्रकार पी. साईनाथ यांनी त्यावर लिहिले आहे. हजारो ग्रामीण बायका सायकल शिकल्या, आणि त्यांत तरुण मुस्लिम मुलीही होत्या. सुरुवातीला टोमणे मारणारे पुढे गप्प झाले, कारण पाणी आणणे, मुलांना शाळेत सोडणे, बाजाराला माल नेणे ही सगळी कामे त्या सायकलीवर होऊ लागली.

बिहारने २००६ मध्ये नववीच्या मुलींना सायकलीसाठी पैसे देण्याची योजना सुरू केली. कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश या अर्थशास्त्रज्ञांनी तिचा अभ्यास केला. माध्यमिक शाळेत जाणाऱ्या मुलींचे प्रमाण त्या योजनेमुळे सुमारे ३२ टक्क्यांनी वाढल्याचे त्यांना दिसले. ज्या गावांपासून शाळा तीन किलोमीटर किंवा त्याहून दूर होती, तिथे फरक जास्त पडला. अंतर हेच कारण होते आणि सायकलीने ते कापले. पण सायकल दिली आणि तिला चालायला सुरक्षित जागाच नसली, तर ती ओसरीवर गंजते.

बाहेरच्या देशांत अशा वाटा मुद्दाम राखल्या जातात. फ्रान्समधला ‘कनाल दु मिदी’ हा कालवा १६८१ मध्ये सुरू झाला. त्याच्या काठच्या वाटेवरून पूर्वी घोडे दोराने नावा ओढत. आता मालाच्या नावा गेल्या, आणि २४० किलोमीटरच्या त्या काठाने लोक कुटुंबासह सायकलवर प्रवास करतात. स्पेनने १९९३ पासून बंद पडलेल्या रेल्वेमार्गांचे रूळ काढून तिथे सायकलींच्या वाटा केल्या. त्यांची लांबी आता तीन हजार किलोमीटरांहून अधिक आहे. त्यांच्यावर मोटार चालत नाही.

स्पेनचा विषय निघाला म्हणून उर्दू शिकवणाऱ्याच्या सवयीने एक गोष्ट सांगावीशी वाटते. स्पॅनिश भाषेत पाटाच्या चारीला ‘असेकिया’ म्हणतात. हा मूळ अरबी शब्द, ‘अस्-साकिया’, म्हणजे पाणी पाजणारी. अंदलूसच्या मुसलमान शेतकऱ्यांच्या काळापासून तो तिथल्या मातीत राहिला. उर्दू शायरीतला ‘साकी’ त्याच घराण्यातला. व्हॅलेन्सिया शहरात चाऱ्यांच्या पाण्याचे तंटे सोडवणारी शेतकऱ्यांची पंचायत आजही गुरुवारी दुपारी कॅथेड्रलच्या दारात भरते. ग्रॅनडाजवळच्या डोंगरात जुन्या चाऱ्यांच्या काठाने लोक पायी फिरतात. पाणी नेणारी वाट माणसांनाही नेते, हे तिथे कित्येक पिढ्यांपासून चालत आले आहे.

आता आपल्या पाटाकडे येऊ, कारण इथे काळजी घेण्यासारख्या गोष्टी आहेत आणि त्या लपवून उपयोग नाही. आवर्तन सुरू असताना पाणी खोल असते, त्याला ओढ असते, आणि काठ घसरडा असतो. म्हणून लहान मुलांनी नेहमी शेताच्या बाजूने चालवावे आणि मोठ्यांनी पाण्याच्या बाजूने. पाटात उतरायचे नाही, हात-पाय धुवायलासुद्धा नाही. एकट्याने जायचे नाही, अंधार पडल्यावर जायचे नाही. पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल चाकांत अडकतो, तेव्हा ही वाट सोडून द्यावी. वेड्या बाभळीचे काटे पंक्चर करतात, म्हणून पंप, सोल्युशन आणि रबराचा तुकडा बरोबर ठेवावा आणि मुलींनाही पंक्चर काढायला शिकवावे. काही ठिकाणी भराव खचलेला आहे, काही ठिकाणी पाइप आडवे गेले आहेत, तिथे उतरून सायकल हाताने न्यावी. आणि ही वाट खात्याची आहे. पाटकरी भेटला तर सलाम-नमस्कार करून विचारून पुढे जावे.

सायकलीची गोडी लागली की पाय लांब पळतात. अंथुर्ण्याहून उत्तरेला भिगवणकडे उजनीचे फुगवट्याचे पाणी आहे. हिवाळ्यात तिथे रोहित पक्ष्यांचे थवे उतरतात. सराव झालेल्यांना आतल्या गावरस्त्यांनी, महामार्ग टाळत, एका दिवसात जाऊन येता येते. सुटीत कोकणात जाणाऱ्या कुटुंबांनी रेवस ते रेड्डी हा सागरी मार्ग जरूर पाहावा. अवजड वाहतूक मुंबई–गोवा महामार्गाने जाते, किनाऱ्याचा रस्ता एरवी शांत असतो. मात्र शनिवार-रविवारी पर्यटकांच्या गाड्या वाढतात, आणि चढ-उतार दमवणारे आहेत. आगरदांडा–दिघी, बागमांडला–वेश्वी, दाभोळ–धोपावे, जयगड–तवसाळ अशा खाड्यांवर फेरीबोटीत सायकल चढवून पलीकडे जाता येते. मुरूड, श्रीवर्धन, हर्णै, दाभोळ या वस्त्यांत आपल्या माणसांची घरे आहेत, त्यामुळे मुक्कामाला आणि जेवणाला अडचण पडत नाही.

पण भिगवण आणि कोकण हे सुटीचे झाले. शाळा रोजची आहे. तिच्यासाठी ग्रामसभेत मागण्यासारख्या चार साध्या गोष्टी आहेत. पहिली, वस्त्यांपासून शाळेपर्यंतच्या पाटाच्या वाटेवर विद्यार्थ्यांना सायकलने जाऊ द्यावे, असा ठराव करून पाटबंधारे खात्याकडे पाठवावा. दुसरी, वाटेच्या तोंडाशी सायकल जाईल पण चारचाकी जाणार नाही एवढ्या अंतरावर दोन दगडी खांब रोवावेत. तिसरी, पूल आणि मोऱ्यांवर, जिथे वाट अरुंद होते तिथे, लोखंडी कठडा घालावा. चौथी, जिथे पाटाची वाट महामार्गाला भेटते, तिथे मुलांना ओलांडण्याची सोय व्हावी. बाभळी तोडायचे काम तर गावातली तरुण मुले दोन रविवारांत करतील.

या मागण्यांना फार पैसा लागत नाही, आणि त्या कोणा एका समाजाच्याही नाहीत. पाटाच्या काठाने जाणाऱ्या मुलींत धनगरवाड्यावरची मुलगी असेल, ऊसतोड कामगारांच्या टोळीतली असेल, आपली असेल. म्हणून ग्रामसभेला जाताना शेजाऱ्यांना बरोबर घेऊन जावे. आणि आपल्या घरातल्या बायकांनीही जावे, कारण वाटेवर कुठे भीती वाटते आणि कुठे नाही हे त्यांच्याइतके कोणाला ठाऊक नसते.

२६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या दिवसांच्या आसपास गावोगावी ग्रामसभा भरते. त्याआधी एका सकाळी मुलांना घेऊन आपल्या गावाजवळचा पाट, चारी किंवा फाटा सायकलवरून पाहून या. वाट कुठे चांगली आहे, कुठे तुटली आहे, शाळा किती मिनिटांवर आहे, हे वहीत लिहून घ्या. तीच वही ग्रामसभेत वाचा. जूनमध्ये आम्ही दारावर येऊ, तेव्हा मुलीच्या सायकलीत हवा भरलेली असू द्या.