मूल वाचतंय, आपण ऐकू या

‘तिसरीत गेला, तरी अजून अडखळत वाचतो. आणि वाचून झाल्यावर काय वाचलंस म्हणून विचारलं, तर गप्प!’ प्राथमिक शाळेत शिकवत असताना ही तक्रार मी दर वर्षी ऐकायची. बहुतेक आईवडील तिचं खापर एकाच गोष्टीवर फोडायचे : पोराचं लक्ष नाही. मला मात्र या दोन तक्रारी वेगळ्या वाटायच्या नाहीत. मूल अडखळतं, म्हणूनच त्याला सांगता येत नाही.

ते कसं, पाहा. एका वेळी डोक्यात मोजक्याच गोष्टी मावतात. ‘प... पला वेलांटी पि...’ असं करत मूल वाक्याच्या शेवटी पोचेपर्यंत वाक्याची सुरुवात निसटून गेलेली असते. सगळी शक्ती अक्षरं ओळखण्यातच संपली, तर अर्थासाठी काय उरणार? अशा मुलाला ‘लक्ष दे’ म्हणून उपयोग नाही. ते बिचारं लक्षच तर देत असतं!

आपली लिपी उच्चाराप्रमाणे चालते, असं आपण अभिमानानं सांगतो. बऱ्याच अंशी ते खरंही आहे. पण सात वर्षांच्या मुलाच्या जागी बसून पाहा. ‘कि’मधली वेलांटी दिसते आधी, उच्चारायची नंतर. ‘सूर्य’मधला रफार बसलाय ‘य’च्या डोक्यावर, पण बोलायचा ‘य’च्या आधी. हाच ‘र’ ‘प्र’मध्ये निराळा दिसतो, ‘ट्र’मध्ये आणखी निराळा. कोळ्यांचा ‘दर्या’ वेगळा आणि सह्याद्रीतल्या ‘दऱ्या’ वेगळ्या. त्यात भर म्हणून ‘चार’ आणि ‘चारा’. अक्षर तेच, पण चार आंब्यांतला ‘च’ वेगळा, गुरांच्या चाऱ्यातला वेगळा. पुस्तकात याची काहीही खूण नसते. मग मूल ते बरोबर कसं वाचतं? तर तो शब्द त्यानं आधी कानांनी ऐकलेला असतो.

घरच्या मदतीची खरी जागा इथं आहे, असं माझं मत आहे. ज्या शब्दांशी कानांची ओळख असते, ते डोळ्यांना लवकर सापडतात. गप्पा, गोष्टी, आजीच्या आठवणी, बाजारातल्या वस्तूंची नावं ही सगळी वाचनाचीच तयारी. त्यासाठी घरातलं माणूस फार शिकलेलं असायला हवं असं नाही. माझ्या वर्गातल्या एका मुलीची आई कधी शाळेत गेलेली नव्हती. भाकरी थापताना ती मुलीला जवळ बसवून वाचायला सांगायची आणि मध्येच विचारायची, ‘मग त्या म्हाताऱ्यानं काय केलं गं?’ तिला अक्षराची चूक काढताच येत नव्हती, हे एका परीनं बरंच झालं. तिला गोष्ट हवी असायची, आणि ती सांगायची तर मुलीला अर्थ लावत वाचावं लागायचं. चौथीत हीच मुलगी वर्गाला गोष्टी वाचून दाखवू लागली.

रोज पंधरा मिनिटं पुरतात. आधी तुम्ही ओळीखाली बोट फिरवत वाचा, मग दोघं मिळून, मग त्याला एकट्याला वाचू द्या. तोच उतारा तीन-चार दिवस घ्या. ‘अहो, पण पाठ होईल की!’ असं पालक म्हणतात. होऊ द्या. ओळखीच्या मजकुरावरच डोळ्यांना वेग येतो. मूल अडलं, तर लगेच शब्द सांगू नका, मनातल्या मनात पाचपर्यंत मोजा. ‘घरात’ऐवजी ‘घरी’ वाचलं, तर सोडून द्या. अर्थ बिघडलेला नाही. पण ‘आजीने भाकरी भाजली’ याचं ‘आजीने भाकरी भाजी’ झालं, तर वाक्य संपल्यावर एवढंच विचारा, ‘हे बरोबर वाटतंय का रे?’ बहुतेक वेळा मूल स्वतःच मागं जाऊन दुरुस्त करतं.

पुस्तक निवडताना इयत्ता बघू नका. ‘प्रथम’ ही संस्था २००५पासून ‘असर’ नावाची पाहणी करते. त्यात घरोघरी जाऊन मुलांना अक्षरं, शब्द, सोपा परिच्छेद आणि दुसरीच्या पातळीची गोष्ट अशा पायऱ्यांनी वाचायला देतात. २०१८ आणि २०२४ या दोन्ही वर्षी ग्रामीण भारतातल्या पाचवीच्या साधारण निम्म्याच मुलांना ती गोष्ट वाचता आली. तेव्हा आपलं मूल कोणत्या पायरीवर आहे, ते आधी पाहावं आणि तिथूनच सुरुवात करावी. पाचवीतल्या मुलानं दुसरीचं पुस्तक घेतलं म्हणून हसू नये. एसटीच्या पाट्या, लग्नपत्रिका, बिस्किटाचा पुडा, काहीही चालतं. बालभारतीचं ‘किशोर’ मासिक १९७१पासून निघतंय, त्याचे जुने अंकही मुलांना आवडतात.

एवढं करूनही महिनोन् महिने प्रगती दिसली नाही, तर आधी डोळे आणि कान तपासून घ्या. लहान वयात अक्षरं उलटी लिहिणं पुष्कळ मुलांत दिसतं. पण बुद्धी चांगली, बोलणं चांगलं आणि वाचनच तेवढं येत नाही, असं दिसलं तर तज्ज्ञांना दाखवावं. अशा अध्ययन अक्षमतेचा समावेश २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात आहे. त्या मुलाला ‘ढ’ म्हणणं हा निव्वळ अन्याय आहे.

मूल स्वतः वाचू लागलं की आपण वाचून दाखवणं थांबवावं का? मुळीच नाही. ऐकून जे समजतं, ते वाचून समजायला मुलांना पुढं कितीतरी वर्षं लागतात. त्याला एकट्याला न पेलणारं जाडसं पुस्तक रात्री एकेक प्रकरण वाचून दाखवा. आणि ऐन रंगात आलेलं असताना कुकर बंद करायला उठावं लागलं, तर पुस्तक मिटू नका, तसंच उघडं ठेवून जा.