छोटी रेल्वे आणि खरी रेल्वे : काही शंका, काही उत्तरे

विद्यालयाच्या विज्ञान प्रदर्शनात टेबलावर धावणारी छोटी रेल्वे मांडली की तिच्याभोवती लहानांपेक्षा मोठ्यांचीच गर्दी अधिक होते. काही माजी विद्यार्थ्यांनी आता स्वतःच्या घरीही असे संच मांडले आहेत. त्यांच्याकडून आणि पालकांकडून जे प्रश्न वारंवार येतात, त्यांतील निवडक प्रश्नांची उत्तरे येथे देत आहोत. प्रत्येक उत्तर शोधताना खऱ्या रुळांपर्यंत जावे लागते. त्या रुळांशी आपल्या समाजातील कित्येक कुटुंबांचे जुने नाते असल्याने स्मरणिकेत हा विषय अस्थानी ठरणार नाही, असे आम्हांस वाटते.

पहिला प्रश्न मापाचा. सर्वाधिक प्रचलित असलेल्या ‘एचओ’ मापात प्रत्येक वस्तू खऱ्याच्या सत्त्याऐंशीव्या हिश्शाएवढी असते. आपल्याकडील एलएचबी डबा सुमारे साडेतेवीस मीटर लांब असतो. तो या मापात सत्तावीस सेंटीमीटर होतो. चोवीस डब्यांची पूर्ण गाडी करावयाची तर एकट्या डब्यांनाच साडेसहा मीटर जागा लागेल. म्हणून घरोघरी चार-पाच डब्यांवर समाधान मानतात, आणि त्यात कमीपणा काहीच नाही.

येथेच दुसरी शंका निघते : भारतीय इंजिनाची प्रतिकृती रुळांवर ठेवली की ती अरुंद पायांवर उभी असल्यासारखी का दिसते? दोष कारागिराचा नाही. एचओ संचातील दोन रुळांमधले अंतर १६.५ मिलिमीटर असते. युरोपातील १४३५ मिलिमीटरच्या गेजचा तो सत्त्याऐंशीवा भाग होय. आपला ब्रॉडगेज मात्र १६७६ मिलिमीटरचा. त्याच हिशेबाने तो सव्वाएकोणीस मिलिमीटर भरावयास हवा. काही काटेकोर छांदिष्ट स्वतःच रूळ तयार करतात. नवशिक्यांनी त्या फंदात पडू नये, असा आमचा सल्ला आहे. पुण्यात कोथरूड येथे जोशी यांचे छोट्या रेल्वेंचे संग्रहालय आहे. जमल्यास प्रथम ते पाहून यावे.

वळणाविषयीचा प्रश्न मुलांना फार आवडतो. दोन्ही चाके एकाच आसावर पक्की बसवलेली असतात, म्हणजे ती बरोबरच फिरणार. वळणावर तर बाहेरच्या चाकाला अधिक अंतर कापावे लागते. मग ते घसटत का नाही? याचे उत्तर चाकाच्या आकारात आहे. चाकाचा रुळावर टेकणारा भाग सपाट नसून किंचित शंकूसारखा असतो. आतल्या बाजूस घेर मोठा, बाहेर लहान. वळणावर चाकांची जोडी थोडी बाहेर सरकते, बाहेरचे चाक मोठ्या घेरावर आणि आतले लहान घेरावर चालू लागते, आणि अंतराचा हिशेब आपोआप जुळतो. कागदाचे दोन पेले तोंडाला तोंड लावून चिकटवावेत आणि दोन समांतर काठ्यांवरून घरंगळू द्यावेत. ते स्वतःच मध्यावर येत राहतात. आता बुडाला बूड लावून चिकटवा. लगेच घसरून पडतील. चाकाची उभी कड, जिला फ्लँज म्हणतात, ती शेवटचा आधार आहे. गाडी एरवी तिच्या भरवशावर चालत नाही. छोट्या रेल्वेत मात्र वळणे इतकी आवळलेली असतात की कडेवाचून निभाव लागत नाही. आपल्या ब्रॉडगेजवर १७५ मीटरपेक्षा कमी त्रिज्येचे वळण सहसा ठेवीत नाहीत. तेच प्रमाणात उतरवले तर त्रिज्या दोन मीटरची होईल. इतके मोठे टेबल कोणाकडे असते?

विजेच्या बाबतीत छोटी आणि खरी रेल्वे यांत मोठा फरक आहे. छोट्या रेल्वेत एका रुळातून वीज येते व दुसऱ्यातून परत जाते. दाब सुमारे बारा व्होल्ट, म्हणून हात लागला तरी अपाय नाही. खऱ्या रेल्वेत वीज वरच्या तारेतून, पंचवीस हजार व्होल्ट दाबाने येते. त्या तारेस प्रत्यक्ष स्पर्श न करता नुसते जवळ गेले तरी ती झेप घेते. डब्याच्या टपावर चढून छायाचित्र काढण्याचा मोह होणाऱ्या तरुणांना हे घराघरांत सांगितले पाहिजे.

एका वर्षी आमच्या विद्यार्थ्यांनी गाडी वळसा घेऊन पुन्हा त्याच रुळावर येईल अशी मांडणी केली, तेव्हा गाडी ठेवण्यापूर्वीच पुरवठा बंद पडू लागला. वळसा घेताना डावा रूळ उजव्याला जाऊन मिळाला होता. वळशाच्या दोन्ही टोकांशी रूळ तोडून तेवढा भाग वेगळ्या बटणावर घेतल्यावर गाडी सुरळीत चालली. गंमत अशी की छोट्या रेल्वेत जी चूक ठरते, तिचाच उपयोग खऱ्या रेल्वेत अनेक ठिकाणी सुरक्षिततेसाठी केलेला आहे. रुळांच्या एका टप्प्यातून मंद वीज सोडलेली असते. गाडी त्या टप्प्यात शिरली की चाके व आस दोन्ही रूळ जोडतात, पलीकडच्या रिलेची वीज तुटते आणि मागचा सिग्नल लाल होतो. रूळ तडकला अथवा वायर तुटली, तरी सहसा लालच होतो. बिघाड झाला तर गाडी थांबावी, अशी ही योजना आहे.

रुळांच्या सांध्यात फट का ठेवतात, हा प्रश्न ज्येष्ठ मंडळी विचारतात, कारण त्यांच्या कानांत अजून तो खडखडाट आहे. तेरा मीटरचा रूळ चाळीस अंशांनी तापला तर सुमारे सहा मिलिमीटर वाढतो. त्याला जागा मिळाली नाही तर तो वाकतो. आता रूळ जोडून लांबच लांब अखंड केलेले असतात. ते वाढू पाहतात. पण स्लीपर आणि खडी त्यांना जखडून ठेवतात. वाढ अडली तरी ताण नाहीसा होत नाही. म्हणून उन्हाळ्यात भर दुपारी आणि थंडीत रात्री माणसे रूळ तपासत चालतात.

ही माणसे म्हणजे गँगमन व कीमन. साठ किलोच्या रुळाचे वजन मीटरला साठ किलो; तेरा मीटरचा एक रूळ पावणेआठशे किलोहून अधिक भरतो. फेब्रुवारी १९३८ मध्ये मनमाड येथे जी. आय. पी. रेल्वेतील दलित कामगारांची परिषद भरली होती. परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर तिचे अध्यक्ष होते. आपला माणूस रेल्वेत बहुधा गँगमनच होतो आणि बढतीची आशा नसल्याने आयुष्यभर गँगमनच राहतो, ही व्यथा त्यांनी तेथे मांडली. पोर्टरची जागाही त्याला मिळत नसे, कारण पोर्टरला स्टेशनमास्तरच्या घरचे कामही करावे लागे आणि अस्पृश्याला त्या घरात प्रवेश नव्हता. ज्याचा हात रुळाला चालत होता, त्याचा हात पाण्याच्या घागरीला चालत नव्हता. आज या विद्यालयाच्या विद्यार्थ्यांच्या घरांतून रेल्वेच्या निरनिराळ्या पदांवर माणसे आहेत; पण कुणाच्या ना कुणाच्या आजोबांच्या खांद्यावर तो हातोडा होताच.

आमच्या संचासोबत आलेल्या आकृत्यांत प्रवासी होते, गार्ड होता, बाकावर वर्तमानपत्र वाचणारे गृहस्थही होते; कीमन नव्हता. एचओ मापात माणसाची उंची जेमतेम दोन सेंटीमीटर. तारेचा सांगाडा, त्यावर कागदाचा लगदा, खांद्यावर टाचणी तोडून केलेला हातोडा आणि हातात पतंगाच्या कागदाचा लाल झेंडा एवढे पुरते. तो फलाटापासून दूर, वळणाच्या अलीकडे, रुळांबाहेर खडीवर उभा करावा.