रात्रीच्या आयनांबरातील बुडबुडे आणि लाटा

सूर्यास्तानंतर नव्या आयनांचा पुरवठा थांबल्यामुळे सुमारे १०० किलोमीटर उंचीवरचा आयनांबराचा, म्हणजे वातावरणाच्या वरच्या आयनयुक्त भागाचा, थर झपाट्याने विरळ होतो. त्याच्या वरचा एफ थर मात्र टिकून राहतो आणि चुंबकीय विषुववृत्ताजवळ संध्याकाळच्या विद्युतक्षेत्रामुळे आणखी वर उचलला जातो. त्या वेळी सुटे इलेक्ट्रॉन व आयन यांचे मिश्रण असलेला प्लाझ्मा वर दाट आणि खाली विरळ अशी, तेलावर पाणी ओतल्यासारखी, अस्थिर रचना तयार होते. खालच्या वातावरणातून, विशेषतः गडगडाटी मेघांपासून, वर येणारे गुरुत्व तरंग, म्हणजे हवेतल्या लाटा, एफ थराच्या तळाशी जरासा हेलकावा देतात, आणि तेवढ्या निमित्ताने विरळ प्लाझ्माचे बुडबुडे वर झेपावतात, असे मानले जाते.

हे बुडबुडे चुंबकीय बलरेषांना धरून उत्तर-दक्षिण लांबत जातात व सामान्यतः पूर्वेकडे सरकतात. त्यांचा माग कोल्हापूरहून घेता येतो. तेथे भारतीय भूचुंबकत्व संस्थानाच्या संशोधकांनी संपूर्ण आकाश टिपणाऱ्या कॅमेऱ्याने ऑक्सिजन अणूंच्या ६३० नॅनोमीटर तरंगलांबीच्या तांबड्या वातदीप्तीची, म्हणजे रात्रीच्या वातावरणातून आपोआप निघणाऱ्या मंद प्रकाशाची, छायाचित्रे घेतली आहेत. डोळ्यांना न दिसणारा हा प्रकाश सुमारे २५० किलोमीटर उंचीवरून येतो आणि बुडबुड्यांच्या जागी त्यात काळे पट्टे उमटतात. उंची एवढी असल्यामुळे भोर तालुक्यातील वरवे बुद्रुकवरचे आकाशही कोल्हापूरच्या कॅमेऱ्याच्या कक्षेत येते.

उत्तर गोलार्धाच्या मध्य अक्षांशांत रात्री आणखी एका प्रकारच्या लाटा उठतात. वायव्य-आग्नेय पसरलेल्या व नैर्ऋत्येकडे सरकणाऱ्या या लाटांची लांबी शेकडो किलोमीटर असते आणि त्या स्वतःचे विद्युतक्षेत्र सोबत वाहून नेतात. अशी लाट विषुववृत्ताकडून लांबत आलेल्या बुडबुड्याला भिडली की हे विद्युतक्षेत्र पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या साथीने भोवतालचा दाट प्लाझ्मा बुडबुड्यात ढकलू शकते. जपानी संशोधकांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निरीक्षणात लाटेशी गाठ पडल्यावर बुडबुडा नाहीसा झालेला आढळला.

बुडबुड्यांच्या कडांवरून जाताना जीपीएस व भारताच्या ‘नाविक’ या दिशादर्शन यंत्रणेच्या उपग्रहांचे संदेश थरथरतात, तर जुन्नर तालुक्यातील खोडद येथील महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बिणीच्या निरीक्षणांतही आयनांबराचे असे चढउतार मिसळतात. म्हणून बुडबुडा केव्हा उठेल याइतकाच, वाटेत त्याला कोणती लाट भेटेल, हा प्रश्नही पूर्वानुमानासाठी महत्त्वाचा ठरतो.